मला कोणी विचारले नव्हते

३ जुलै

ताई,

नमस्कार. आधी खुर्चीवर बस, चष्मा लाव, मग वाच. उभ्याने वाचायची बातमी नाही ही.

नगरपालिकेने काल ठराव केला. येत्या बारा सप्टेंबरला महापुराला शंभर वर्षं होतात. तलावाच्या दाराशी जो मोकळा चौक आहे ना, तिथे दगड बसवायचा आणि त्यावर आपल्या पणजोबांचं नाव कोरायचं. 'प्राणांची पर्वा न करता तलावाचे दार उघडून, बांध फुटू न देता खालची वस्ती वाचवली' वगैरे सगळं. चौकालाही त्यांचंच नाव! आणि पडदा ओढायला घरातलं सगळ्यात मोठं माणूस हवं असं साहेब म्हणाले. म्हणजे तू.

खरं सांगतो, ठराव वाचून दाखवला तेव्हा छाती अशी फुगली की शर्टाचं बटण हाताने धरून ठेवावं लागलं. चौतीस वर्षं मी या तळघरात काढली. एकतीस हजार रुमाल, म्हणजे लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि त्यातला कुठला कुठे आहे ते मला झोपेत विचार. कुणाच्या घराची हद्द, कुणाची जन्मतारीख, कुठल्या गल्लीत नळ कधी आला, सगळं शहर विचारायला माझ्याकडे येतं. आमचे साहेब मला 'दप्तरदार' म्हणतात, पण कामाचं अडलं की 'दप्तरदारसाहेब' म्हणतात. शहराच्या इतिहासाचं माझं पुस्तक याच कागदांवर उभं आहे. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं पान कोणतं हे तुला सांगायला नकोच.

तीस सप्टेंबरला मी निवृत्त होतोय. त्याआधी पुराच्या मूळ कागदांचं प्रदर्शन मांडायचं आहे. आणि नऊ रुमाल उघडायचे राहिलेत. मी नोकरीला लागलो त्या वर्षी छत गळलं होतं, आठवतं? तेव्हा भिजून चिकटलेले, तसेच वाळवून बांधलेले. इतकी वर्षं कोणी हात लावला नाही, मीही नाही. ते यादीत घातले की मी मोकळा. जाताना पुढच्या माणसाच्या गळ्यात उरलंसुरलं बांधून जायचं नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाचं घालतेस.

तुझा
कागदकिडा


९ जुलै

अरे कागदकिड्या,

बसले होते ती उठून उभी राहिले! लेकाला बोलावलं, सुनेला बोलावलं, शेजारणीला बोलावलं. जिन्यात पाणी भरणारा भेटला, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं. त्याला काय कळलं कोण जाणे.

तुला माहीत आहे, अठ्ठावीस वर्षं मी वर्गात ही गोष्ट सांगितली. पहिल्या आठवड्यात, पुस्तक उघडायच्या आधी. फळ्यावर मोठं चाक काढायचं, त्याला दांडा काढायचा, आणि सांगायचं की तलावाच्या दाराचा एक राखणदार होता, आणि तो माझा पणजोबा होता. पाणी गळ्याशी आलं. हात सोलून निघाले. सकाळपासून दुपारपर्यंत माणूस चाक फिरवत होता! शेवटच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प व्हायची. एका वर्षीही मी त्यातला शब्द बदलला नाही. परवा भाजीच्या दुकानात एक बाप्या भेटला, टक्कल पडलेला. म्हणाला, "बाई, तुमच्या पणजोबांच्या चाकाला किती आरे होते ते अजून सांगतो." आठ म्हणाला. बरोबर!

नव्या चपला घेतल्या आहेत. चौकात फरशी गुळगुळीत नाही ना? पडदा ओढताना पडले तर तुझ्या साहेबांना हसायला शंभर वर्षं पुरेल.

आता माझं एक काम कर. पणजोबांच्या हातच्या त्या मूळ पानाची छायाप्रत पाठव. चौकटीत घालून बैठकीत लावते. तेवढंच पान हं, बाकीचा पसारा नको. आणि ते नऊ रुमाल कशाला उकरत बसतोस? चिकटलं ते चिकटलं. या वयात बुरशी नाकात गेली तर खोकत बसशील, आणि वहिनी मला बोल लावेल.

ताई


२७ जुलै

ताई,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

पानाची प्रत आत्ता नाही पाठवता येत. काही पानं तपासायला काढली आहेत.

एक विचारायचं होतं. माझं पुस्तक आलं तेव्हा मी ते पान बाबांना वाचून दाखवलं होतं. ते मध्येच उठून मागच्या अंगणात गेले. तुला ते कधी काही बोलले होते का? आजोबांबद्दल, किंवा दाराबद्दल?

फरशी खडबडीत आहे. चपला चालतील.

कागदकिडा


१ ऑगस्ट

अरे, हे काय पत्र झालं? किराण्याची यादी याहून लांब असते!

तू आजारी आहेस का? खरं सांग. का त्या साहेबाने दगडावरचं नाव कापलं? त्याच्या मेव्हण्याचं नाव घालायचं असेल. असं असेल तर मी स्वतः येते. चाळीस-चाळीस पोरांना एका नजरेने खाली बसवलंय मी, साहेब म्हणजे किस झाड की पत्ती.

बाबांचं म्हणशील तर, आजोबा त्यांना सांगायचे की या घरात दाराचं नाव काढायचं नाही. एवढंच मला ठाऊक. आपली माणसं अबोल. केलेलं बोलून दाखवायचं नाही ही आपल्या घराची रीत. ती मोडली ती मी, कारण मला तोंड आहे.

उगाच जुनं उकरू नकोस. पाट्या तयार कर, काचा पूस, आणि नीट जेव.

ताई


८ ऑगस्ट

ताई,

साहेबांनी काही कापलेलं नाही. कापायची पाळी माझ्यावर आली आहे. दोन आठवडे हे पत्र मनात लिहितोय.

ते गळतीचं वर्ष आठव. मी चोवीस वर्षांचा, तात्पुरता कारकून. तू चार दिवस आली होतीस आणि माझ्याबरोबर तळघरात उतरलीस. आपण भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या आणि ओली पानं चिमटे लावून वाळत घातली, कपडे घालतात तशी. मी शिडीवर होतो. एक पान हातात आलं आणि मी ओरडलो, "ताई, हे पणजोबांचं अक्षर!" घरी त्यांची पाण्याच्या पातळीची वही होती, तिच्यामुळे ते अक्षर आपण अंधारातही ओळखलं असतं. पानाला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता. 'सकाळपासून दुपारपर्यंत चाक फिरवून दार उघडले. पाणी गळ्याशी होते. हात सोलून निघाले तरी चाक सोडले नाही. खालची वस्ती वाचली.' त्या दिवशीच्या हजेरीच्या कागदावर 'दारावर हजर' म्हणून त्यांचंच नाव होतं. मी ते पान हजेरीच्या मागे ठेवलं आणि रुमाल बांधला. माझं पुस्तक, तुझी गोष्ट, आता हा दगड, सगळं त्या एका गाठीवर आहे.

आता ऐक. जुन्या गठ्ठ्याला कीड लागते तेव्हा ती पानांना आरपार भोकं पाडत जाते. म्हणून शेजारशेजारच्या पानांची भोकं एकावर एक येतात. सुटी पानं लावताना अक्षर नाही बघायचं, शाई नाही बघायची, भोकं बघायची. हे मी आज कुणालाही पहिल्या दिवशी शिकवतो. चोवीसाव्या वर्षी मला माहीत नव्हतं.

प्रदर्शनासाठी ते पान काचेवर ठेवून खालून दिवा लावला. त्याला एकोणीस भोकं आहेत. हजेरीच्या कागदाला एकही नाही.

आणि नऊ रुमालांपैकी सहाव्यात दोन पानं सापडली, एकमेकांना घट्ट चिकटलेली. वरच्या पानावर पणजोबांचं अक्षर. त्यालाही एकोणीस भोकं, त्याच जागी. त्यावर असं आहे:

'मी तलावाच्या दाराचा राखणदार लिहून देतो की, पुराच्या दिवशी सकाळी पाणी चढताना पाहून मला भीती वाटली व मी दार न उघडता टेकडीवर पळून गेलो. हजेरीवर माझे नाव आहे ते आदल्या दिवशीच लिहिलेले होते. दारावर लोहाराची सून गेली. तिला कोणी पाठवले नव्हते. हातोडा घेऊन ती पाण्यात उतरली व तिने एकटीने'

पान इथे संपतं. पुढचं तुला पाठ आहे.

चूक माझी. मी पान चुकीच्या जागी लावलं, आणि त्यावर पुस्तक लिहिलं. आता हे फक्त मला माहीत आहे, आणि तुला. रुमाल परत बांधला तर कुणालाही कळणार नाही. या शहरात भोकांकडे बघणारा एकच माणूस आहे आणि तो तीस सप्टेंबरला घरी जातोय. रोज सकाळी मी तो रुमाल पुढ्यात घेतो आणि पाच वाजता तसाच ठेवून येतो. साहेबांकडे जावं लागणार हे मला कळतंय, पण पाय उचलत नाही. खालचं पान सोडवायला अजून वेळ लागेल, रोज नखाएवढं सुटतं.

कागदकिडा


१३ ऑगस्ट

किड्यांच्या भोकांवरून तू आपल्या पणजोबाला पळपुटा ठरवतोस?

बांध तो रुमाल. वर ठेव, सगळ्यात वरच्या फळीवर, आणि शिडी मोडून टाक.

अठ्ठावीस वर्षं रे! एकेका वर्गात चाळीस मुलं. त्यांना मी आता घरोघरी जाऊन सांगू, की बाई खोटं बोलत होत्या? त्या टकल्याला काय सांगू, आठ आऱ्यांच्या चाकाला हात लावला तो दुसऱ्याच कुणीतरी? शंभर वर्षं झाली. लोहार गेला, त्याची सून गेली, सगळे गेले. कुणाचं काय अडलंय? तुझं पुस्तक खोटं ठरेल, तुझी निवृत्ती नासेल, लोक तोंडावर हसतील. हौस आहे का?

तू जाणार असशील साहेबाकडे तर जा. मी पडदा ओढायला येणार नाही. चपला परत करते.

(वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक. तू फाडणार नाहीस म्हणा. तू कधी काही फाडलं आहेस?)


२४ ऑगस्ट

ताई,

नाही फाडलं.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "दप्तरदारसाहेब, पाच आठवडे राहिलेत, सुखाने घरी जा. दगड कोरून तयार आहे, पत्रिका छापून झाल्यात." मी तिन्ही पानं पिशवीतून काढली, एकावर एक धरली आणि त्यांच्या खिडकीशी नेली. एकोणीस भोकांतून एकोणीस ठिकाणी उजेड आला. साहेब खुर्चीवरून उठले, जवळ आले, आणि त्यांनी स्वतः भोकं मोजली. दोनदा मोजली. मग म्हणाले, "आता हो काय करायचं?" तेव्हा मी समजलो की काम झालं.

त्या बाईचं नाव शोधायला मला चार दिवस लागले. नुसतं 'लोहाराची सून' असं दगडावर कोरायचं नाही हे मी ठरवलं होतं. जन्ममृत्यूच्या वह्या, घरपट्टीच्या वह्या, दवाखान्याची वही. दवाखान्याच्या वहीत पुराच्या दुसऱ्या दिवशी एक नोंद आहे: 'दोन्ही तळहात सोललेले, मलमपट्टी', आणि पुढे नाव, नवऱ्याचं नाव, धंदा लोहारकाम. ताई, मी तळघरात एकटाच होतो आणि मी टाळी वाजवली. चौतीस वर्षांत याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. तिची पणती बाजारात कुलपांचं दुकान चालवते. मी गेलो, सांगितलं. ती हातातली किल्ली घासायची थांबली. म्हणाली, "आजी सांगायची, तिच्या सासूने दार उघडलं म्हणून. आम्ही हसायचो तिला. तुमच्या पुस्तकात वेगळं होतं ना."

तू विचारलं होतंस, कुणाचं काय अडलंय. हे अडलं होतं. ती म्हातारी हसं होऊन गेली, माझ्या पुस्तकामुळे.

आता तिसऱ्या पानाचं. बारा दिवसांनी ते सुटलं. उतरवून देतो, अक्षर न् अक्षर:

'हे सर्व मी टेकडीवरून पाहिले. गावातील लोक माझीच पाठ थोपटीत आहेत. तिच्या नावाने कागदावर काही नाही. मला कोणी विचारले नव्हते. तरी लिहून देत आहे. मला कामावर ठेवावे की नाही हे वरिष्ठांनी ठरवावे.'

खाली सही. सहीखाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या अक्षरात: 'कामावरून कमी केले.'

ताई, ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी वाटलं होतं, पणजोबा गेले आपल्या हातातून. पण बघ ना, सगळं गाव शाबासकी देत होतं. पाहणारं कोणी नव्हतं. गप्प बसला असता तर मरेपर्यंत मानाने जगला असता. तो माणूस चाकापाशी घाबरला, आणि या कागदापाशी नाही घाबरला. मला त्याचा जितका अभिमान वाटतो आहे तितका त्या दुसऱ्या गोष्टीच्या वेळी कधीच वाटला नव्हता. मी त्याचाच पणतू, कागदाशी खोटं न बोलणाऱ्याचा. तू ये किंवा नको येऊस. तुला हे सांगायचं होतं.

साहेबांना दिलेल्या अहवालात मी लिहिलं आहे की पानं माझ्या हातून वेगळी झाली.

कागदकिडा


३१ ऑगस्ट

बाळा,

पत्र आलं त्याला चार दिवस झाले. चार वेळा लिहायला बसले.

अहवालातली ती ओळ खोटी आहे. ती खोड.

पानं तुझ्या हातून वेगळी झाली नाहीत. तू शिडीवर होतास, ते मधलं पान मोठ्याने वाचत होतास. वरच्या मजल्यावरून कारकून धावत आले. तुझे तेव्हाचे साहेब, जे तुला 'ए' म्हणून हाक मारायचे, तेसुद्धा आले आणि त्यांनी पहिल्यांदा तुला नावाने हाक मारली. तुझं तोंड असं उजळलं होतं! आणि मी खाली बादलीपाशी उभी, माझ्या हातात ती दोन पानं, चिकटलेली. वरचं मी वाचलं. 'टेकडीवर पळून गेलो' वाचलं.

मी तुझ्याकडे बघितलं. मग ती पानं नेऊन अगदी पलीकडच्या दोरीवर, दुसऱ्याच कागदांत लावली. माझ्या हाताने चिमटा लावला. तुझ्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आले. तेही अर्धंच खरं. आपल्या घरात मिरवावं असं काही नव्हतं रे. सासरी मला विचारायचे, तुमच्याकडचं कोण काय होतं? मी चहा टाकायला उठायचे. त्या दिवसापासून मला उत्तर मिळालं.

नऊ रुमाल उघडणार म्हणालास तेव्हापासून मी रोज धास्तीने टपालाची वाट बघत होते. आणि तू 'चूक माझी' असं लिहिलंस, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. उलट तुलाच झाडलं.

खालचं पान मी तेव्हा वाचलंच नव्हतं. चिकटलेलं होतं, आणि वरचंच पुरे झालं होतं. आता तुझ्या पत्रात वाचलं. त्या माणसाने नोकरी जाईल हे माहीत असताना लिहून दिलं, आणि त्याची पणती, शाळेतली बाई, मुलांना 'खरं बोला' म्हणून छड्या मारणारी, चौतीस वर्षं चिमटा लावून बसली!

म्हणून आता मी लिहून देते. मला कोणी विचारलं नव्हतं. पानं मी हलवली. हे पत्र तुझ्या दप्तरात घाल, त्या तीन पानांच्या मागे, आणि यादीत माझं नाव लिही. पुसट नको, ठळक.

बारा तारखेला मी येते आहे. पडदा त्या कुलूपवालीने ओढायचा. मला फक्त पाच मिनिटं बोलायला दे. आणि एक फळा लागेल. चपला परत केल्या नव्हत्या.

ताई


३० सप्टेंबर

ताई,

आज शेवटचा दिवस. टेबल रिकामं केलं, किल्ल्या दिल्या. तू पुढे उभी होतीस त्यामुळे तुला मागचं दिसलं नसेल, ते सांगतो.

तू फळ्यावर चाक काढलंस, आठ आऱ्यांचं, तेव्हा तिसऱ्या रांगेतला एक टकल्या बोटाने मोजत होता. इतक्या लांबून आला होता, आणि तो एकटाच नव्हता. तू म्हणालीस, "मुलांनो, बाईंनी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली, आणि मुद्दाम सांगितली. आज बरोबर सांगते." मान ताठ आणि आवाज असा, की कोपऱ्यावरचा रिक्षावालासुद्धा इंजिन बंद करून ऐकत होता. पन्नाशीची माणसं डोळे पुसत होती, ताई. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "या तुमच्या बहीण का?" मी इतक्या मोठ्याने 'हो' म्हणालो की पुढच्या रांगेने मागे वळून बघितलं.

दगड नवा मिळाला नाही हे तुला कळलंच. पाथरवटाने तोच उलटा केला आणि कोऱ्या बाजूला तिचं नाव कोरलं. पणजोबांचं नाव मागे राहिलं, भिंतीकडे तोंड करून. सगळे पांगल्यावर तू त्या फटीत हात घालून अक्षरं चाचपत होतीस. मी बघितलं. मुद्दाम जवळ आलो नाही.

कुलूपवाली काल तळघरात आली. मला वाटलं, तिला मधलं पान बघायचं असेल, पणजीच्या पराक्रमाचं. ती म्हणाली, "तिसरं दाखवा." सही बघितली. मग म्हणाली, "यांना कामावरून काढलं ते बरोबर नव्हतं," आणि पिशवीतून एक पितळी कुलूप काढून ठेवलं. हा रुमाल ठेवायच्या कपाटासाठी. तिने स्वतः बनवलेलं.

नंतर मी रुमाल शेवटचा बांधला. अहवालातली ओळ खोडली, खोडल्याची सही केली. यादीत नोंद अशी: 'पुराची जबानी, पाने तीन, राखणदाराच्या अक्षरात. चौथे पान, पाने हलवल्याबद्दल, राखणदाराच्या पणतीच्या अक्षरात.' नाव लिहिलं आहे. ठळक.

चार पानं एकत्र धरून खिडकीशी नेली होती, सवयीने. तीन पानांना एकोणीस भोकं, तुझ्या पानाला एकही नाही. तेवढं किड्यांवर सोडलं आहे.

उद्यापासून मला काही काम नाही. तुझ्याकडे येतो. बैठकीत लावायला तिसऱ्या पानाची प्रत आणतोय, चौकट तू घेऊन ठेव.

तुझा
कागदकिडा